मापाचा खड्डा

त्या वर्षी पावसानं मध्येच अंग काढून घेतलं आणि गावाबाहेरचा माळ वेळेआधीच वाळून कडक झाला. हा माळ म्हणजे पंचायतीची दफनभूमी. कुणी गेलं की गावात 'माळावर नेलं' एवढंच म्हणत. माळाला तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, फाटकाजवळ पंचायतीनं बांधलेल्या दोन खोल्या, आणि त्या खोल्यांत राहून माळ सांभाळणारा एक माणूस. गवत काढायचं, तार ओढून घट्ट करायची, झाडांना पाणी घालायचं आणि निरोप आला की खड्डा खणायचा, ही त्याची नोकरी. काम आहे तोवर खोल्या. काम गेलं की सामान रस्त्यावर. हे त्याला आणि त्याच्या बायकोला कुणी सांगायची गरज नव्हती.

गाव त्याला लंबू म्हणे. तो होताच तसा. दारातून वाकून जायची त्याला इतकी सवय झाली होती की वर काहीच नसलेल्या फाटकातूनही तो मान खाली घालूनच जाई. पोरं हसत. तोही हसे.

लंबूचं एका गोष्टीसाठी नाव होतं. भर उन्हाळ्यात, जमीन पहारीला दाद देत नसताना, सकाळी निरोप गेला की दुपारच्या आत त्याचा खड्डा तयार असे. "त्याच्या हाताला जादू आहे," लोक म्हणत. जादूबिदू काही नव्हती. पाऊस संपता संपता, माती मऊ असताना, लंबू दोनतीन खड्डे आधीच खणून ठेवी. खड्ड्यावर लांबीनं एक बांबू, त्यावर आडव्या फळ्या, वर जुना पत्रा आणि पत्र्यावर वाळकं गवत. निरोप आला की गवत सारायचं, आत ढासळलेली माती काढायची आणि घाम पुसत उभं राहायचं. हे त्याला वडिलांनी शिकवलं होतं, आणि त्याबद्दल तोंड बंद ठेवायलाही त्यांनीच शिकवलं होतं. आपल्यासाठी खड्डा आधीपासून वाट बघतोय, हे कुणाला ऐकवेल?

आता, खड्डा कुणासाठी तेच ठाऊक नाही, तर माप कुणाचं घ्यायचं? लंबू स्वतःच आत आडवा होई. त्याच्याहून उंच गावात कुणी नव्हतं, म्हणजे जो येईल तो मावणारच. बायकोला ते बघवत नसे.

"काठी का नाही हो घेत मापाला?" ती दरवर्षी विचारी.

"काठी हरवते," तो आतूनच बोले. "मी कुठं हरवतोय?"

यंदा त्यानं तीन खणले होते. थंडीत दोन कामी आले. एक राहिला, मागच्या कुंपणापाशी, गवताखाली.

उन्हं तापायला लागली तशी पंचायतीत एक नवीनच कुजबुज सुरू झाली. शहरातल्या एका खोदाई-मशीनवाल्यानं अध्यक्षांच्या कानावर घातलं होतं, की पगारी माणूस पोसायचा कशाला, फोन करा, मी मशीन पाठवतो, काम करून परत. अध्यक्षांना हिशेबाच्या गोष्टी पटकन पटत. शिवाय त्यांच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती, आणि लंबूनं कधी वाकून दोन गोड शब्द बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. वाकणं त्याच्या पाठीत होतं, जिभेत नव्हतं.

एका सकाळी अध्यक्ष कारकुनाला घेऊन माळ बघायला आले. मशीन फाटकातून आत येईल का, वळेल कुठं, हे बघायचं होतं. लंबू मागं मागं चालत होता. हातात पाण्याची झारी तशीच राहिली होती.

"इथून मागच्या बाजूला वाट काढता येईल," अध्यक्ष म्हणाले आणि गवतावरून तरातरा निघाले.

"साहेब, तिकडून नको," लंबू म्हणाला.

"का? काय आहे तिकडं?"

काय आहे ते सांगता येईना. पुढच्याच पावलाला पत्रा खडखडला, कुजकी फळी मोडली, आणि अध्यक्ष काखेपर्यंत दिसेनासे झाले.

कारकून आधी हसला. मग हसलो हे कळून त्याचं तोंड पांढरं पडलं. लंबूनं झारी टाकली, पोटावर पडून दोन्ही हात खाली घातले आणि अध्यक्षांना वर ओढलं. नडगी सोलवटली होती, एक बूट आतच राहिला होता. अध्यक्ष एका पायावर उभे राहून खाली बघत होते. खड्डा चौकोनी, कडा तासलेल्या, तळ झाडल्यासारखा साफ. तो कसला आहे हे विचारावं लागलं नाही.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

लंबूनं पडलेली झारी उचलून सरळ ठेवली.

"माझ्या आईसाठी? माझी आई अजून बोलतेय, जेवतेय, आणि तू तिच्यासाठी खणून मोकळा झालास?"

अध्यक्षांची आई म्हणजे साऱ्या गावाची आत्या. गेल्या पावसापासून अंथरुणाला खिळलेली. लंबूच्या मनात आत्यांचं नावही नव्हतं, पण आता नाही म्हटलं तर कोण मानणार? तोवर शेजारच्या शेतातली माणसं कुंपणापाशी गोळा झाली होती. दुसऱ्या कुणाचं नाव घेणं शक्य नव्हतं आणि कुणाचंच नाव नाही हे सांगायचं तर सगळा इतिहास सांगावा लागला असता.

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

"काय?"

"माझा आहे, साहेब. आयुष्यभर दुसऱ्यांचे खणले. माझा खणायला कोण आहे? म्हणून खणून ठेवला."

कुंपणापलीकडं कुणीतरी 'अरेरे' म्हणालं. अध्यक्षांनी लंबूकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मग खड्ड्याकडं. लांबी जुळत होती, त्याला इलाज नव्हता.

दोन दिवसांनी पंचायतीच्या बैठकीत लंबूला बोलावलं. सदस्य खुर्च्यांवर, लंबू दारात. पंखा त्याच्या डोक्याला लागेल म्हणून त्याला आत घेतलं नाही, असं कारकून म्हणाला आणि सगळे हसले. अध्यक्षांची नडगी बांधलेली होती. ते हसले नाहीत.

"खड्डा तुझाच ना?"

"हो साहेब."

"मग तुझाच राहू दे. बुजवायचा नाही. पण त्यात दुसरं कुणी गेलेलं दिसलं, तर तू पंचायतीच्या तोंडावर खोटं बोललास असं मी धरीन. त्याच दिवशी काम बंद, खोल्या रिकाम्या. कळलं?"

"कळलं."

घरी बायको तांदूळ निवडत बसली होती. पोरगी शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवत होती. लग्नाची झालेली, हातात कला असलेली. लंबूनं सगळं सांगितलं. यंत्राचा आवाज थांबला.

"काय म्हणालात?" बायकोनं विचारलं.

"म्हणालो, माझा आहे."

"आणि जिभेला दुसरं नाव सापडलं नाही?"

"दुसरं कुणाचं घेणार होतो? तुझं?"

पोरगी हसली आणि लगेच तिनं ओठ दाबले. बायकोनं ताट खाली ठेवलं. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ एकत्र झाले, तिला कळलंही नाही. तिच्या पोटात खड्डा पडला होता आणि तो काही केल्या भरेना.

गावानं मात्र ही गोष्ट चवीनं चघळली. दुकानदार म्हणाला, "लंबू, नवं घर बांधलंस म्हणे. राहायला कधी जातोयस?" न्हावी म्हणाला, "हवा चांगली असेल तिथं, खिडकी ठेवली का?" लंबू दोघांनाही "तुम्हाला बोलावल्याशिवाय जात नाही" म्हणाला आणि त्यानं वेळ मारून नेली. बायको पाण्याला गेली की बाया आपोआप वाट देत. ते तिला जास्त लागे.

मग शाळेचा जुना शिपाई गेला.

लंबूनं पहार घेतली आणि पुढच्या बाजूला जागा आखली. वरची वीतभर माती नुसतीच धूळ होती. खाली मुरूम, भाजलेल्या विटेसारखा. पहार आपटली की ठिणगी उडे आणि हाताला झिणझिण्या येत. तो पहार मारी, मग टिकाव घेई, मग गुडघ्यावर बसून फावड्यानं भुगा ओढी, आणि भुगा एवढासाच निघे. धूळ नाकातोंडात जाई. बायकोनं ओला फडका त्याच्या तोंडाला बांधला; थोड्या वेळात तो कोरडा झाला. ती घमेली उचलू लागली. पोरगीही शिवण टाकून आली.

दुपार टळली तरी खड्डा मांडीएवढाच. लोक प्रेत घेऊन आले आणि उन्हात उभे राहिले.

"काय रे लंबू, जादू संपली का?" कुणीतरी म्हणालं.

"दुपारच्या आत व्हायचा की नेहमी," दुसरा म्हणाला. "मशीनच आणायला हवी आता."

लंबूनं वर बघितलं नाही. पाठीमागं, कुंपणापाशी, गवताखाली एक अख्खा खड्डा तयार होता आणि तो इथं दगड फोडत होता. बायकोला ते इतकं दिसत होतं की तिकडं नजर जाऊ नये म्हणून ती मुद्दाम पाठ करून उभी राहिली.

त्या दिवसापासून त्याला खोकला लागला. कोरडा, छातीच्या तळापासून येणारा. दवाखान्यातल्या बाईंनी छातीला नळी लावली आणि म्हणाल्या, "धुळीत काम करू नका." लंबू म्हणाला, "बरं." बाहेर आल्यावर बायकोला म्हणाला, "पाण्यात कुठं खणतात, विचारायला हवं होतं." ती हसली नाही.

नंतर सुताराची सून गेली, मग एक म्हातारा. दर वेळी तेच. लंबूचे खांदे शर्टातून वर आले. तो वाळत होता, पण उंची काही कमी होत नव्हती. बायको मागच्या कुंपणापाशी जाई, मोडक्या फळीतून आत बघे, आणि तिला वाटे, रुंदीला तर आता जास्तीच होईल.

"बुजवून टाका तो," ती एकदा म्हणालीच.

"बुजवला तर विचारतील, का बुजवलास म्हणून. बैठकीत सगळ्यांसमोर बजावलंय मला."

"मग त्यात एक झाड लावा."

"आणि म्हणू काय? झाड मेलंय?"

"मस्करी करू नका. माझ्या जिवाचं पाणी पाणी होतंय आणि तुम्हाला मस्करी सुचतेय."

"पाऊस येईस्तोवर दिवस काढायचे, अगं," तो म्हणाला. "मग माती मऊ होईल." एवढं बोलून त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो भिंतीला धरून उभा राहिला.

लंबूची बायको गेल्या पावसापासून आत्यांना अंघोळ घालायला, कूस बदलायला जात असे. खड्ड्याचं प्रकरण झालं आणि अध्यक्षांच्या बायकोनं दारातच सांगितलं, "आता नको येऊस. यांना आवडत नाही." ती परत फिरली. पण आत्यांना दुसऱ्या कुणाचा हात चालेना. सुनेनं पाणी घातलं तर गरम, मोलकरणीनं उचललं तर दुखलं. आठवडा झाला नाही तोच निरोप आला, ये, पण मागच्या दारानं. लंबूची बायको मागच्या दारानं गेली.

आत्या लहानखुऱ्या होत्या, आता तर मुठीएवढ्या झाल्या होत्या. पण जीभ शाबूत होती.

"काय गं, तुझ्या नवऱ्यानं माझ्यासाठी खड्डा खणलाय म्हणे," त्या पाठ चोळून घेता घेता म्हणाल्या.

"तुमचा नाही आत्या. त्यांचा आहे."

"त्याचा? त्याला कसली घाई? लांब आहे का चांगला?"

"त्यांच्या मापाचा आहे."

"मग मला दे की." आत्या खुदकन हसल्या. "आयुष्यभर अंग चोरून झोपले बघ. आधी भावंडांत, मग पोरांत, आता या अरुंद खाटेवर. मेल्यावर तरी हातपाय पसरून झोपू दे. मी सांगते माझ्या लेकाला. मला नाही म्हणायची त्याची छाती नाही."

लंबूच्या बायकोच्या हातातला फडका थांबला. एकदम, कुणी दार उघडावं तसं तिच्या डोक्यात लख्ख आलं: ही गेली तर तो भरेल. ही गेली तर हे वाचतील. मग तिला स्वतःची इतकी भीती वाटली की ती बादली उचलून पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन उभी राहिली.

त्या दिवसापासून तिनं आत्यांची अशी सेवा केली की सुनेला लाज वाटावी. पेज गाळून भरवली. पाठीला जखम होऊ नये म्हणून उशा बदलल्या. नखं कापली. आणि रोज घरी जाताना मनात हिशेब एकच, आज सांगितलं असेल का लेकाला? विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारणार तरी कसं? आत्या, तुम्ही मरायच्या आधी तेवढं सांगून ठेवा, असं?

मग एका सकाळी आत्यांचं तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. लंबूची बायको त्यांच्या उशाशी बसली. आत्यांचे डोळे तिच्याकडं वळत, ओठ हलत, पण काही उमटत नव्हतं. अध्यक्ष दारातून आत येऊन उभे राहत, आईकडं बघत आणि परत जात. आत्यांनी त्यांना काही सांगितलं होतं की विसरल्या होत्या, ते आता कळायला मार्ग नव्हता.

उन्हाळ्याच्या सगळ्यात वाईट दिवसांत, पहाटे पहाटे, आत्या गेल्या.

अध्यक्ष स्वतः माळावर आले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. "वडिलांच्या शेजारी," त्यांनी जागा दाखवली. "आज वेळ लावू नकोस, लंबू. बाहेरगावची माणसं यायची आहेत. आणि ऊन..." त्यांनी पुढचं गिळलं.

"नाही लावत," लंबू म्हणाला.

ती जागा माळावरची सगळ्यात चिवट. खाली सलग कातळाचा पदर. लंबूनं पहार मारली, परत मारली. पोरगी घमेलं घेऊन शेजारी होती. बायको आत्यांना शेवटची अंघोळ घालून धावतपळत आली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि खड्ड्यात गुडघाही बुडत नव्हता. लंबूचा शर्ट पाठीला चिकटून वाळला होता, त्यावर घामाच्या पांढऱ्या रेघा. तोंडावरचा फडका त्यानं काढून टाकला होता, श्वास पुरत नव्हता म्हणून.

"जरा बसा," ती म्हणाली.

"येतील आता ते."

"येऊ देत. बसा म्हणते ना."

त्यानं पहार उचलली. ती डोक्याच्या वर गेली नाही; छातीपर्यंत गेली आणि तिथूनच निसटली. खोकला सुरू झाला आणि थांबेना. तो गुडघ्यावर आला, मग हातांवर, मग त्या अर्ध्या खणलेल्या खळग्यात आडवा झाला. पाय बाहेर राहिले. पोरगी "बाबा!" म्हणून ओरडली.

दोघींनी मिळून त्याला झाडाखाली ओढत नेलं. तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले, पण ते कुठं लागत नव्हते. "पहार कुठाय?" एवढंच तो म्हणाला.

तेवढ्यात फाटकातून माणसं आली. खांद्यावर आत्या. ओझं असं नव्हतंच, नेणारे सहज चालत होते. अध्यक्ष पुढं होते. त्यांनी गुडघाभर खळगा बघितला, झाडाखालचा लंबू बघितला आणि जागच्या जागी थांबले.

लंबूची बायको उठली. पदर घामानं भिजला होता, हात मुरमानं लाल झाले होते. ती सगळ्या माणसांमधून सरळ अध्यक्षांसमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तो खड्डा घ्या."

"कुठला?"

"तुम्ही पडला होतात तो."

मागं कुणीतरी श्वास ओढला. अध्यक्षांचा चेहरा ताठ झाला. "तो त्याचा आहे ना?"

झाडाखालून लंबूनं हात हलवला, गप्प बस म्हणून. तिनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"त्यांचा नाही," ती म्हणाली. "कुणाचाच नाही. माती मऊ असते तेव्हा ते खणून ठेवतात. दरवर्षी ठेवतात. त्यांचे वडीलही ठेवायचे. जादू म्हणतात ती हीच. तुमच्या वडिलांचाही असाच आधी तयार होता, म्हणून त्या उन्हाळ्यात तुम्हाला थांबावं लागलं नाही." तिनं झाडाकडं बोट केलं. "ते तुमच्यासमोर खोटं बोलले. काढून टाका कामावरून. संध्याकाळपर्यंत मी दोन्ही खोल्या रिकाम्या करते. पण आज त्यांना परत त्या मुरमात उभं करू नका. त्यांच्यात जीव राहिलेला नाही हो."

खांदेकऱ्यांनी खांदे बदलले. अध्यक्ष वडिलांच्या जागेकडं बघत होते. तिथं आता नुसता बसका उंचवटा होता, वर वाळकं गवत.

"आणि आत्यांनी तो मागितला होता माझ्याकडे," ती हळू आवाजात म्हणाली. "हसत मागितला होता. पण मागितला होता."

"आईनं?"

"तुम्हाला सांगणार होत्या."

"मला काही नाही बोलली." अध्यक्षांनी ओठ चावला. "काय म्हणाली?"

"म्हणाल्या, आयुष्यभर अंग चोरून झोपले. मेल्यावर तरी हातपाय पसरून झोपू दे."

हे बाहेरच्या कुणाला बनवता येणारं वाक्य नव्हतं. अध्यक्षांच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते त्यांनाही कळलं नसेल. त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि मागं वळून माणसांना म्हणाले, "चला. मागच्या बाजूला घ्या."

कारकुनानं आणि पोरगीनं मिळून गवत सारलं, पत्रा ओढला, फळ्या उचलल्या. बांबू बाजूला टाकला. खड्डा होता तसाच होता, कडा तासलेल्या, तळात थोडी ढासळलेली माती, आणि कोपऱ्यात अध्यक्षांचा बूट. कारकुनानं उतरून तो वर दिला. अध्यक्षांनी तो हातात घेतला आणि शेवटपर्यंत हातातच धरला.

आत्यांना खाली ठेवलं. त्या जेमतेम निम्म्यात मावल्या. पायथ्याशी केवढी तरी जागा उरली.

"झोपली बघा ऐसपैस," अध्यक्ष स्वतःशीच म्हणाले, आणि आता ते सरळ रडू लागले.

लंबूच्या बायकोला मात्र ती उरलेली जागाच दिसत होती. दुसरं काही दिसतच नव्हतं. लोकांनी रीतसर उशापासून माती लोटायला घेतली, तशी ती फावडं घेऊन पायथ्याला गेली आणि भराभर माती ढकलू लागली. फावडं, मग घमेलं, मग नुसते हात. आत्यांनी तिच्या गालावरून कधीतरी मऊ हात फिरवला होता तो आठवला, तिनं त्यांच्या मरणाची वाट बघितली होती ते आठवलं, आणि तिला हुंदका आवरेना. रडत रडत ती माती लोटत राहिली. "अगं, इकडूनही टाक," कुणी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. पायथा भरला, काठाला आला, तरी ती टाकतच होती. वर चढून तिनं तिथली माती पायांनी दाबली, जिथं खाली कुणीच नव्हतं.

"पोटच्या पोरीनं केलं नसतं एवढं," बाहेरगावहून आलेली एक बाई डोळे पुसत म्हणाली. "किती जीव होता हिचा आत्यांवर." तेही खोटं नव्हतं.

माणसं परतली. अध्यक्ष सगळ्यात शेवटी निघाले. झाडाखाली येऊन थांबले. लंबू उठायला लागला.

"बस," ते म्हणाले. बराच वेळ ते बुटाकडं बघत होते. खोल्यांत काय काय आहे, कुठलं आधी बाहेर काढायचं, हे बायकोच्या मनात सुरूही झालं होतं. शिवणयंत्र आधी. मग भांडी.

"फळ्या कुजक्या होत्या," अध्यक्ष म्हणाले. "पुढच्या वेळी चांगल्या टाक. पंचायतीच्या गोदामात आहेत. कारकुनाकडून घे." आणि ते गेले, एका हातात बूट घेऊन, जरासे लंगडत.

लंबूनं बायकोकडं बघितलं. ती झाडाखाली आली नाही. ती परत मागच्या कुंपणाकडं गेली. तिथं गवतात पडलेला बांबू तिनं उचलला, खड्ड्यावर लांबीनं घातलेला, खड्ड्याच्या मापाचा. त्यावरची माती तिनं पदरानं पुसली. मग तो ओढत आणून नवऱ्याच्या शेजारी ठेवला आणि खाली बसली.

"हा घ्या मापाला," ती म्हणाली. "हा हरवला तरी चालेल."